हिऱ्याच्या बाजारातला आमचा संसार
(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंत झालेले, आणि या मंडळात आजवर माझे काम म्हणजे तिळगूळ वाटणे व शेवटी सतरंज्या आवरणे. पण यंदा चिटणीसबाईंनी आग्रहच धरला, की तुमच्या घरात हिऱ्याचा धंदा आहे, त्याबद्दल चार शब्द सांगा. त्याला कारणही आहे. आपल्याच वाडीतील दोन घरची मुले, एक मुलगा आणि एक मुलगी, या धंद्यात शिरायचे म्हणत आहेत. मुलाच्या घरी तर आईच्या पाटल्या गहाण टाकून भांडवल उभे करण्याचे घाटत आहे. ती माउली आज इथेच बसली आहे. तिला विचारूनच मी हे बोलते.

प्रथम एक सांगते. हिऱ्याचा धंदा म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे तिजोरी आणि मोटारी येतात. आमची खोली तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. तिच्यात तिजोरी नाही, भिंतीतले कपाट आहे, आणि त्यात लोणच्याची बरणी आहे!

आमचे हे 1993 साली मालवणकडून मुंबईस आले आणि ऑपेरा हाऊसला एका शेटजींच्या कचेरीत लागले. काम काय? चहा आणणे, टेबले पुसणे आणि हिऱ्यांच्या पुड्या एका कचेरीतून दुसरीत पोचवणे. पुडी म्हणजे अगदी वैद्याच्या पुडीसारखी, पांढऱ्या कागदाची. आत पुष्कळदा फिकट निळा पातळ कागद असतो, त्यावर हिरा अधिक पांढरा दिसतो. एवढ्याशा पुडीत दोन-चार लाखांचा माल, आणि ती बंडीच्या आतल्या खिशात घालून वीस वर्षांचा पोरगा जिने चढतोय-उतरतोय! महिन्याअखेर तो आपला पगार मोजून घेतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पुडी उचलतो. या धंद्याची पहिली परीक्षा ही, आणि ती कुठल्याही वर्गात घेतली जात नाही.

सहा महिन्यांनी ह्यांना मोजायला बसवले. मग चाळण्या दिल्या. आपण रवा चाळतो तसे बारीक हिरे नंबरवार चाळण्यांतून चाळून मापाप्रमाणे वेगळे करतात. त्यानंतर रंग. उत्तरेकडच्या खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर हिरे पसरायचे, चिमट्याने एकेक उचलायचा आणि दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहायचा. एकटा ठेवलेला हिरा पांढराच दिसतो. त्याच्याशेजारी खरा पांढरा ठेवला म्हणजे पहिल्याचा पिवळेपणा उघडा पडतो. (सुनांचेही असेच करतात काहीजणी, पण ते राहू द्या.) रंगावर नजर बसायला ह्यांना चार वर्षे लागली, आणि भाव सांगता यायला आणखी तीन.

वजनाचे आपल्याला नीट कळावे म्हणून सांगते. पाच कॅरेट म्हणजे एक ग्रॅम. एका कॅरेटचे शंभर सेंट. म्हणजे दोन सेंटचा हिरा चार मिलिग्रॅमचा झाला, साधारण आपल्या हलव्यातल्या तिळाएवढा. असे अडीचशे हिरे मिळून एक ग्रॅम! आणि त्या तिळाएवढ्या खड्यालाही सत्तावन्न पैलू पाडलेले असतात. हे काम मुख्यतः सुरतेत होते. जगातल्या दहा हिऱ्यांपैकी नऊ आपल्या देशात घासले जातात असे म्हणतात, ते त्या कारागिरांच्या जिवावर. सुरत-मुंबई माल नेण्या-आणण्याचे काम आंगडिये करतात, तेही मुख्यतः विश्वासावर.

बाजाराची भाषा गुजराती. ह्यांना ती यायला वर्ष लागले. आपली मुले इंग्रजीच्या मागे लागतात. प्रमाणपत्र वाचायला आणि संगणकावर काम करायला ती लागते हे खरे, पण भाव गुजरातीत ठरतो. पालनपूरचे जैन आणि काठियावाडचे पटेल या धंद्यात दोन-तीन पिढ्या आहेत. त्यांच्यातला मुलगा स्वतंत्र धंदा काढतो तेव्हा मामा माल देतो, चुलता कचेरीत टेबल देतो, आणि पैसे अडकले तर भावकी मागे उभी राहते. यात त्यांचे काही चुकते असे मी म्हणत नाही, आपणही तेच केले असते. पण आपल्या मुलामागे या बाजारात कोणी मामा नाही. त्याला माल मिळायचा तो त्याच्या स्वतःच्या वागणुकीवर, आणि ती पाहायला बाजाराला वर्षे लागतात. म्हणूनच पाटल्यांचे ऐकले तेव्हा मला राहवले नाही. पाटल्यांनी माल विकत घेता येतो, ही वर्षे विकत घेता येत नाहीत.

आता धंदा कसा चालतो ते सांगते. ह्यांनी 2012 साली नोकरी सोडली. बाजार 2010 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात गेला होता, 2011 च्या बॉम्बस्फोटानंतर ऑपेरा हाऊसचे आणखी पुष्कळ लोक तिकडे गेले. ह्यांनीही तिकडेच एका ओळखीच्या कचेरीत भाड्याने एक टेबल घेतले. भांडवल म्हणाल तर एक वजनकाटा, चिमटा, भिंग, चाळण्यांचा संच आणि घरखर्चाला पुरेल एवढी आठ महिन्यांची शिल्लक. ही आठ महिन्यांची अट माझी होती. माल मिळाला जांगडावर.

जांगड शब्द आपल्या आजीच्या तोंडी असे. पसंत पडल्यास ठेवून घेऊ, नाही तर परत करू, अशा बोलीने आणलेली वस्तू. हिऱ्यात तसेच. मालक पुडी देतो, चिठ्ठीवर वजन आणि भाव लिहितो, घेणारा सही करतो. माल विकेपर्यंत मालकी देणाऱ्याचीच. मागताक्षणी परत करायचा. विकला तर वरचा नफा आपला. पैसा न घालता धंदा करता येतो तो यामुळे, आणि घर बुडते तेही यामुळेच.

एक हिशेब मांडते. समजा तीस कॅरेटची पुडी आहे, भाव कॅरेटला वीस हजार. झाले सहा लाख. त्यावर दोन टक्के नफा मिळाला, म्हणजे बारा हजार. ऐकायला बरे वाटते. पण घेणारा म्हणतो, पैसे तीन महिन्यांनी देईन. मालकाला रोख दिल्यास तो थोडा वटाव सोडतो, म्हणून मुलगा पाटल्यांवर सहा लाख काढून मालकाचे भागवतो. समजा व्याज दरमहा शेकडा एक रुपया. तीन महिन्यांचे अठरा हजार. बारा मिळाले आणि अठरा गेले. वटावाने त्यातले थोडे भरून निघेल, सगळे नाही. शिवाय दलाली आहे, टेबलाचे भाडे आहे, गाडीचा पास आहे. लहान व्यापाऱ्याचा नफा उधारीच्या दिवसांत असतो. हे मला वडिलांनी पाठ करून घेतलेल्या पावकी-निमकीवर समजले, त्याला मोठे शिक्षण लागत नाही. म्हणून आमच्या घरी विकलेल्या प्रत्येक मालापुढे पैसे येण्याची तारीख मी लिहिते, आणि तारीख उलटली की संध्याकाळच्या चहाबरोबर ती वाचून दाखवते.

2019 साली आमच्यावर प्रसंग आला तो सांगते. ह्यांनी एका व्यापाऱ्याला चार लाखांचा माल जांगडावर दिला. चिठ्ठी होती, सही होती, माणूसही जुना. त्याने तो माल पुढे तिसऱ्याला दिला, आणि तो तिसरा कचेरी बंद करून निघून गेला. आमच्या माणसाने हात वर केले. मुळात माल आमचाही नव्हता. ज्यांचा होता त्यांनी दारात येऊन तमाशा केला नाही. एक फोन केला, आणि तारीख कोणती धरू एवढेच विचारले. त्या रात्री आम्ही दोघे वही घेऊन बसलो. काहीजण म्हणाले, तुम्हीही हात वर करा, कोर्टात वर्षे जातात. हे म्हणाले, मग उद्यापासून मला चिमटा ठेवावा लागेल. मी पाटल्या मोडल्या. गहाण टाकल्या नाहीत, मोडल्या. गहाण टाकलेली वस्तू दर महिन्याला व्याज खाते, मोडलेली निदान गप्प बसते. त्यातून अर्धे गेले, उरलेले चौदा हप्त्यांत फेडले. मधेच 2020 ची टाळेबंदी आली तेव्हा तीन हप्ते पुढे ढकलून मागितले, ते त्यांनी दिले. बाजार पुन्हा उघडला तेव्हा पहिली पुडी त्याच मालकांनी ह्यांच्या हातात ठेवली.

म्हणजे पाहा, पाटल्या आमच्याही गेल्या. पण सव्वीस वर्षांच्या शब्दासाठी गेल्या. ज्याचा शब्द अजून बाजारात कोणी ऐकलेला नाही, त्याच्यासाठी पाटल्या घालणे वेगळे.

आणि दिवस सध्या कसे आहेत तेही पाहिले पाहिजे. 2024 च्या ऑगस्टमध्ये सुरतेच्या एका मोठ्या कारखान्याने कामगारांना दहा दिवस सुटी देऊन टाकली, कारण मालाला उठाव नव्हता. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या मालावर पन्नास टक्के जकात बसवली, आणि अमेरिका हेच आपल्या हिऱ्यांचे मोठे गिऱ्हाईक. त्यात प्रयोगशाळेतला हिरा आला.

याबद्दल तुमच्यापैकी पुष्कळजणींनी मला जिन्यात थांबवून विचारले आहे. आपण हिऱ्यापोटी गारगोटी म्हणतो, पण हा गारगोटी नव्हे. अमेरिकन डायमंड म्हणून जो खडा मिळतो तो हिराच नसतो. प्रयोगशाळेतला मात्र खराच हिरा, तसाच कठीण, तसाच चमकणारा. एक प्रकार प्रचंड दाब आणि उष्णता देऊन करतात, दुसरा हिऱ्याच्या पातळ चकतीवर वायूतून थरावर थर चढवून. 2023 च्या अंदाजपत्रकात त्या चकत्यांवरची पाच टक्के जकात सरकारने काढून टाकली, त्याने या कामाला उत्तेजन मिळाले. पण माल जसा वाढला तसे त्याचे भाव काही वर्षांतच कोसळले. ज्या मुलाला वाटते की हा माल स्वस्त, यात भांडवल थोडे लागेल, त्याने एवढे ध्यानात घ्यावे, की घरात ठेवलेला माल कोथिंबिरीसारखा असतो, सकाळचा भाव संध्याकाळी राहत नाही. शिवाय बारीक नैसर्गिक हिऱ्यांच्या पुडीत प्रयोगशाळेतले मिसळलेले निघतात. भिंगातून ते ह्यांनाही ओळखता येत नाहीत, यंत्रावर तपासावे लागतात. तेव्हा दागिना घेताना पावतीवर नैसर्गिक की प्रयोगशाळेतला हे स्पष्ट लिहून घ्या, आणि परत विकताना काय देणार तेही तिथेच विचारा.

मुलीबद्दल माझे मत निराळे आहे. तिने जावे. कचेऱ्यांत आता निवडणीच्या टेबलावर पुष्कळ मुली असतात. मोठी फी भरून आधी वर्ग लावण्याची घाई नको. आधी नोकरी धरावी, कमी पगाराची का होईना, आणि वर्षभरात नजर टिकते की नाही ते पाहावे. दिवसभर भिंगातून पाहणे सगळ्यांना झेपत नाही, डोके दुखते. टिकली तर मग वर्ग. सुरतेत 1978 पासून इंडियन डायमंड इन्स्टिट्यूट आहे, मुंबईतही शिकण्याची सोय आहे. मुलानेही तेच करावे. ह्यांनी त्याला वांद्र्याला एका कचेरीत भेटवून देण्याचे कबूल केले आहे. पगार थोडा आहे, आणि पहिले काही महिने चहाच आणावा लागेल, हे मी त्याच्या आईसमोर आजच सांगून ठेवते.

2019 सालची आमची वही मी पिशवीतून आणली आहे. चौदाही हप्ते तारखेनिशी तिच्यात आहेत. चहा होईपर्यंत ज्यांना पाहायची त्यांनी पाहावी, फक्त तिळगुळाचे हात पुसून घ्या.