हिरडा आमचा, भाव नाशिकचा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंचरहून भीमाशंकरला निघालात की घोडेगाव मागे पडतं आणि शिनोली लागतं. बहुतेक गाड्या तिथं थांबत नाहीत, थांबल्या तर चहापुरत्या. माझं गाव ते. शिनोलीच्या पुढं थोड्याच अंतरावर घोड नदीवरचं डिंभे धरण आहे आणि आंबेगाव तालुक्याचे खरे दोन भाग तिथंच पडतात. धरणाच्या वर, पश्चिमेला, महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांच्या वाड्यावस्त्या. धरणाच्या खाली, पूर्वेला, ऊस, बटाटा, दूध आणि मंचरचा बाजार.

आता गंमत बघा. पाऊस पडतो पश्चिमेला. जंगल पश्चिमेला. हिरडा, मध, करवंद, सगळं पश्चिमेला. धरणात साठणारं पाणीही पश्चिमेचंच. आणि गरिबीही तिथंच. तालुका एक, तहसीलदार एक, आमदारही बहुतेक काळ एकच. मग असं का? ‘सरकारनं काही केलंच नाही’ असं म्हणून हा प्रश्न सुटत नाही. सरकारनं पुष्कळ केलं. घोडेगावात आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय आहे. आश्रमशाळा आहेत, वसतिगृहं आहेत, योजनांच्या याद्या आहेत. इतकं करूनही फळ हाती का येत नाही, हा खरा प्रश्न आहे.

पाण्याचं उदाहरण थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्हाला ठाऊक असेल. डिंभे हे कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांपैकी एक. ज्या आंबेगावाचं नाव तालुक्याला आहे, ते जुनं आंबेगावच या पाण्याखाली गेलं. जलाशयाला नाव दिलं हुतात्मा बाबू गेनू यांचं, ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. कुकडीच्या कालव्यांतून पाणी शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, पार करमाळ्यापर्यंत जातं. आणि वैशाखात जलाशयाच्या वरच्या अंगाच्या वाड्यांवर बायका टँकरची वाट बघत असतात. पाणी खाली सोडणं स्वस्त, वर उचलणं महाग, हे इंजिनिअरचं गणित बरोबरच आहे. पण ज्यांची शेतं बुडाली त्यांना हे गणित मांडताना कुणी विचारलं नव्हतं.

मला आज जास्त बोलायचंय ते हिरड्याबद्दल. उन्हाळ्यात आमच्याकडे माणसं हिरड्याच्या झाडावर चढतात. कोवळं फळ काढायचं, उन्हात वाळवायचं, काळं पडलं की झाला बाळहिरडा. त्रिफळा चूर्णातल्या तीन फळांतलं हे एक, शिवाय कातडी कमावायला आणि रंगासाठी हिरडा लागतो. झाडं काही वनखात्याच्या जमिनीवर, काही लोकांच्या मालकीच्या. भाताचं एकच पीक घेणाऱ्या घराला पावसाळ्याआधी रोख पैसा मिळतो तो मुख्यतः यातून. त्यातूनच बियाणं, मुलांच्या वह्या, लग्नाचं देणं.

पूर्वी हा माल व्यापारी नेत असे, बहुतेकदा मीठ-मिरचीच्या उधारीत. ही लूट थांबावी म्हणून राज्य सरकारनं १९७२ साली आदिवासी विकास महामंडळ काढलं, मुख्यालय नाशिकला. १९७६ साली कायदा केला आणि एकाधिकार खरेदी आली. म्हणजे ठरवलेल्या भागात ठरवलेला माल महामंडळानंच घ्यायचा, खासगी व्यापाऱ्यानं नाही. हेतू उत्तम होता, यात मला काडीची शंका नाही.

पण खरेदीचं चक्र कसं फिरतं ते पाहा. दर ठरतो वर. पैसा सुटतो वरून. गावात माल घेते आदिवासी सहकारी संस्था, महामंडळाची एजंट म्हणून. घेतलेला माल गोदामात जातो, मग लिलाव. लिलावाला उशीर झाला की माल पडून राहतो, वजन घटतं, भाव पडतो, तोटा होतो. तोटा झाला की पुढच्या वर्षी खरेदीला हात आखडतो. हिरडा मात्र मंजुरीसाठी थांबत नाही, तो त्याच्या वेळेला झाडावर येतो. आमच्या भागात कित्येक हंगामांत खरेदी केंद्रं उशिरा उघडली किंवा उघडलीच नाहीत, आणि ती सुरू करा म्हणून किसान सभेला आंदोलनं करावी लागली. जो एकटाच घेणार असा कायदा, तोच जर घ्यायला आला नाही, तर माणसानं माल विकायचा कुठं? तो पुन्हा व्यापाऱ्याकडेच जातो. फरक इतकाच की आता तो सौदा चोरून होतो, आणि चोरून विकणाऱ्याला घासाघीस करता येत नाही.

व्यापाऱ्याबद्दल आपण वाईट बोलतो, ते खरंही असतं. पण तो वजन करतो आणि नोटा तिथल्या तिथं मोजतो. श्रावणात घरात दाणा नसताना तोच अंगावर उचल देतो. हे सरकारलाही कळलं होतं, म्हणून १९७८ साली खावटी कर्ज सुरू झालं. पावसाळ्यातल्या उपासमारीच्या दिवसांसाठी कर्ज, किती नेमकी कल्पना! ती योजना २०१३ नंतर थांबली. पुढं कोरोनाच्या टाळेबंदीत, २०२० साली, तिचं अनुदान झालं. कुटुंबामागं ४ हजार रुपये, निम्मे रोख, निम्म्याचा किराणा. निर्णय झाला २०२० च्या पावसाळ्यात आणि वाटप सुरू झालं २०२१ साली. एका पावसाळ्याची भूक दुसऱ्या पावसाळ्याला भागवायची, असं हे काम.

यावर ‘भ्रष्टाचार, दुसरं काय’ असं लगेच म्हटलं जातं. तोही आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशानं नेमलेल्या न्यायमूर्ती गायकवाड समितीनं आदिवासी विभागाच्या २००४ ते २००९ या काळातल्या योजनांची चौकशी केली, तिचा अहवाल २०१७ साली आला. पण समजा, उद्या सगळे अधिकारी धुतल्या तांदळासारखे झाले, तरी हिरड्याचा पैसा वेळेवर सुटेल का? मला शंका आहे. कारण त्या अधिकाऱ्याला जाब विचारणारा माणूस नाशिकला किंवा मुंबईला बसलेला असतो, आणि तो विचारतो की मार्चअखेर निधी किती खर्च झाला. पोत्यावर बसलेल्या बाईला त्याला काही विचारता येत नाही.

याच तालुक्यात पूर्वेला बघा. पारगावला भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे. (नाव पश्चिमेच्या देवाचं, ऊस पूर्वेचा, हेही एक!) साखर कारखानदारीला सरकारनं भागभांडवल दिलं, कर्जाला हमी दिली. साखर कारखाने म्हणजे काही रामराज्य नव्हे, त्यांचं राजकारण मी इथं सांगत बसत नाही. पण उसाला उशिरा तोड आली तर सभासद वार्षिक सभेत उभा राहतो. त्याच्या हातात मत आहे, अध्यक्षाला ते लागतं. महामंडळाच्या नावातही ‘सहकारी’ हा शब्द आहे, पण व्यवस्थापकीय संचालक सरकार नेमतं आणि हिरडा वेचणारा तिथं फक्त लाभार्थी असतो. लाभार्थ्याला सभेचं बोलावणं येत नाही.

दुसरी अडचण सरासरीची. पुणे जिल्हा म्हटला की श्रीमंत. हिंजवडी आणि आहुपे एकाच जिल्ह्यात मोजले की आहुपे आकड्यांत दिसेनासं होतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळानं जुन्नर-आंबेगावातली हिरड्याची झाडं झोडपली. पण हिरडा हे धड पीक नाही आणि धड फळबागही नाही. नियमात बसत नाही म्हणून भरपाई अडली आणि लोकांना वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले. शेकडो वर्षं ज्यावर घरं चालली, ते झाड कागदावर कोणत्या रकान्यात टाकायचं हेच ठरलेलं नव्हतं.

मग महामंडळ बंद करा का? तसं मी म्हणणार नाही. १९७६ च्या आधीचे दिवस ज्यांनी ऐकलेत ते तसं म्हणणार नाहीत. हमीचा दर देणारा कुणीतरी हवाच. पण घेणारा तो एकटा नको, आणि मालक तर मुळीच नको. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू विकण्याचा परवाना वनखातं आपल्याच हातात ठेवून बसलं होतं. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेला मिळालं. मग गावानं स्वतः बांबू विकला, पैसा ग्रामसभेच्या खात्यात आला. पुढं गडचिरोली-गोंदियात कित्येक ग्रामसभांनी तेंदूपत्ताही स्वतः लिलावात काढला. कुठं चांगला भाव मिळाला, कुठं ठेकेदारानं पैसे थकवले. थकवले तेव्हा गावकऱ्यांनी त्याच ठेकेदाराला गाठलं आणि पुढच्या हंगामाची अट बदलून घेतली.

वनहक्काचा तोच २००६ चा कायदा आमच्या डोंगरालाही लागू आहे. बांबूपेक्षा हिरडा हलका, वाळवून ठेवला तर टिकाऊ, आणि पुण्याची बाजारपेठ मंचरपासून दीड-दोन तासांवर. मेंढ्याच्या लोकांना इतकं काही जवळ नव्हतं.