रुंद पाट, संथ पाणी
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुरुडच्या नारळी-पोफळीच्या वाडीत ज्यांनी शिंपणे केले आहे, त्यांना हे ठाऊक असते. पाटाचे काठ ढासळून तो रुंद झाला की पाणी संथ होते, गाळ बसतो आणि कडेची आळी कोरडी राहतात. मेंदूतल्या धमनीचेही असेच होऊ शकते.

पक्षाघात म्हटले की चोंदून अरुंद झालेली रक्तवाहिनी आपल्या डोळ्यांपुढे येते. पण काही जणांची धमनी उलट फुगते, लांबते, नागमोडी होते. या विकाराला डोलिकोएक्टेशिया म्हणतात. मानेतून वर जाणाऱ्या दोन धमन्या एकत्र येऊन मेंदूच्या बुंध्यापुढे बॅसिलर धमनी तयार होते. हा विकार तिथे जास्त आढळतो. तिची रुंदी साधारण 3 ते 4 मिलिमीटर असते, 4.5च्या पुढे गेली की ती फुगलेली समजतात.

वाढते वय आणि वर्षानुवर्षे दुर्लक्षिलेला रक्तदाब हे या विकाराचे नेहमीचे सोबती. फुगलेल्या धमनीत रक्त रेंगाळते, गुठळी होते. तिचे बारीक फाटे ताणले जाऊन बंद पडतात. क्वचित धमनी फुटतेही. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नये. एकीकडे गुठळी, दुसरीकडे रक्तस्राव. हा तोल डॉक्टरांनीच सांभाळायचा असतो.

या भागातला झटका फसवा असतो. हात लुळा पडेलच असे नाही. एकाएकी गरगरते, एकाच्या दोन वस्तू दिसतात, चालताना तोल जातो, जीभ जड होते, घास गिळवत नाही. घरचे म्हणतात, 'पित्त झालं असेल, कोकम सरबत घे नि पड जरा.' अशा वेळी सरबत श्वासनलिकेत जाऊ शकते आणि मोलाचे तास वाया जातात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देतात, तेही सीटी स्कॅन पाहून. मुरुडहून दापोली, तिथून पुढे मोठे रुग्णालय, यात किती वेळ जातो ते आपण जाणताच. म्हणून त्रास कधी सुरू झाला ती वेळ लिहून ठेवा आणि लगेच 108 ला फोन करा.

फुगलेली धमनी पूर्ववत करणारे औषध नाही. रक्तदाब मात्र आपल्या हातात आहे. तो नियमित मोजा, तंबाखू सोडा, लोणचे-पापड आणि खारवलेली मासळी बेताने खा. आणि बरे वाटते म्हणून गोळी बंद करू नका. पाट फुटल्यावर धावाधाव करण्यापेक्षा काठ वेळेवर सांभाळलेले बरे.