पी०१७१ : दोष सेन्सरचा की हवेचा?

आवाज येतोय ना नीट? आज रेकॉर्डिंग पुण्याच्या खोलीतून नाही, गावाकडून, म्हणजे मार्गासनीहून करतोय. नसरापूरहून वेल्ह्याला जाताना जिथून साखर-गुंजवण्याचा फाटा फुटतो, तेच आमचं गाव. राजगडला आलेले बरेच जण इथूनच वळलेले असतात. मागे कोंबडा आरवला तर सांभाळून घ्या.

आजचा विषय आमच्या पप्पांची गाडी. २०१६ची, पेट्रोल. मागच्या पावसाळ्यात खानापूरहून पाबे घाटाने घरी येत होते. मागच्या सीटवर आजी. उतारावर, ऐन वळणाला ॲक्सिलरेटर सोडला आणि इंजिन बंद! स्टीअरिंग जड झालं. ब्रेक दोनदा लागला, तिसऱ्यांदा पेडल दगडासारखं. इंजिन बंद पडलं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्युम दोन-तीन दाबांतच संपतो. हँडब्रेक ओढून कशीबशी गाडी थांबवली. कुणाला काही झालं नाही, पण त्या दिवसापासून पप्पांनी गाडी घाटात नेणं बंद केलं.

गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला. कोड आला पी०१७१. "हवेचा सेन्सर गेलाय," म्हणाला. नवा टाकला. चार दिवसांनी इंजिनाचा पिवळा दिवा परत हजर. मग म्हणाला, "आता थ्रॉटल बॉडी बदलू, अठरा हजार." पप्पांचा मला फोन, "टाकू का रे?" म्हटलं, थांबा, शनिवारी येतो.

आता मी काही मेकॅनिक नाही. पण कोडिंग करणाऱ्याला एक गोष्ट पक्की माहीत असते. एरर ज्या लाइनवर दिसते, चूक तिथेच असते असं नाही.

पी०१७१ चा अर्थ एवढाच, की पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होतेय. कुठला पार्ट खराब आहे हे तो कोड सांगतच नाही.

पंगतीचं उदाहरण घ्या. मांडवाच्या दारात एक जण माणसं मोजतोय. तो म्हणजे एमएएफ सेन्सर. आत एक गरम तार असते. हवा गेली की तार गार होते, आणि ती गरम ठेवायला किती करंट लागला त्यावरून हवेचं वजन कळतं. तो आकडा आचाऱ्याला, म्हणजे ईसीयूला जातो. साधारण १४.७ ग्रॅम हवेला १ ग्रॅम पेट्रोल, हा त्याचा हिशोब. शेवटी सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर बघतो, जेवण पुरलं का. नाही पुरलं तर आचारी वाढवून टाकतो. हे जे वाढवणं, त्याला म्हणतात फ्युएल ट्रिम.

आता मांडवाच्या मागच्या कनातीतून न मोजलेले वीस जण आत शिरले तर? जेवण कमी पडणार. मोजणाऱ्याची काही चूक नाही, पण शिव्या त्यालाच!

मग ओळखायचं कसं? शंभर जणांच्या पंगतीत वीस आगंतुक फार जाणवतात, हजारांच्या पंगतीत जाणवत नाहीत. इंजिनाचंही तसंच. थ्रॉटलच्या पुढे कुठे गळती असेल, तर आयडलला ट्रिम खूप जास्त दिसते आणि रेस वाढवली की उतरते. उलट एमएएफ घाणेरडा होऊन कमी मोजत असेल, किंवा पेट्रोल पंपाचा दाब कमी पडत असेल, तर जितकी रेस आणि लोड जास्त, तितकी ट्रिम वाढते.

मी हजाराच्या आतबाहेर मिळणारा ब्लूटूथ ओबीडी डोंगल लावला. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टीअरिंगखाली त्याचं सॉकेट असतं. मोबाइलवर ॲप उघडलं. शॉर्ट आणि लाँग ट्रिमची बेरीज आयडलला अधिक २४ टक्के. २५०० आरपीएमला अधिक ६. म्हणजे कनात फाटलीय!

थ्रॉटलवर आळ होता, तोही तपासला. चावी ऑन, इंजिन बंद. पेडल हळूहळू दाबायचं आणि थ्रॉटल पोझिशनचा ग्राफ बघायचा. रेष सरळ चढली-उतरली पाहिजे. मध्येच उडी किंवा खड्डा दिसला तर सेन्सर किंवा वायरिंग संशयित. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये असे दोन सेन्सर असतात. दोघांची साक्ष जुळली नाही की पी२१३५ येतो आणि गाडी जपून, कमी ताकदीवर चालते. आमची रेष एकदम गुळगुळीत. अठरा हजार वाचले.

मग बॅटरी घेऊन बॉनेटखाली शिरलो. इंजिनाच्या मागच्या बाजूला, खाली, पीसीव्हीचा रबरी पाइप. त्यावर दातांच्या खुणा, आणि शेजारी भाताच्या पेंढ्याचं घरटं! पावसात खाचरं भरली की उंदीर कोरडी जागा शोधतात, आणि आमची गाडी उभी असते पेंढ्याशेजारी.

नवा पाइप ३४० रुपये. ट्रिम आली अधिक ३ वर.

दोन-तीन सूचना. गळती शोधायला गरम इंजिनावर कार्ब क्लीनर मारू नका, पेट घेतो. गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट करून मागा. एमएएफच्या तारेला बोट किंवा कापड लावू नका, त्याचा वेगळा स्प्रे मिळतो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने ढकलू नका. आणि तुमच्या गाडीत एमएएफऐवजी एमएपी असेल, बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत असतो, तर ट्रिमचं हे गणित असंच लागू पडत नाही. तिथे गळतीने बहुतेकदा आयडलच चढतं.

त्या मिस्त्रीवर माझा राग नाही. दारात गाड्यांची रांग असली की कोड वाचून पार्ट बदलणं सोपं पडतं. पण आपण विचारू शकतो ना, "कोड कळला, ट्रिम किती दाखवतेय?" एवढ्या एका प्रश्नाने तपासणी सुरू होते.

रविवारी पप्पांना घेऊन पाबे घाटात गेलो. गाडी तेच चालवत होते. त्या वळणावर त्यांनी ॲक्सिलरेटर सोडला, इंजिन मजेत गुरगुरत राहिलं. काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र गाडी पेंढ्यापासून लांब, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला लावली आणि आजीला म्हणाले, "आई, पुढच्या शनिवारी खानापूरला जायचं का?"

चला, भेटू पुढच्या भागात. बॉनेट उघडून एकदा बघा, कुणी बिऱ्हाड तर केलं नाही ना!