दासाचे भय आणि लेकराचे भय
(महोत्सवानिमित्त झालेल्या त्रिदिन उपासनेतील भाषण)



महोत्सव म्हटला म्हणजे हिशेब आलाच. किती बाप्तिस्मे झाले, किती विवाह लागले, किती बालकांनी प्रथम ख्रिस्तप्रसाद घेतला, हे या पुस्तिकेच्या इतर पानांवर तुम्हांस वाचावयास मिळेलच. आम्हांस आज ज्याविषयी बोलावयाचे आहे, त्याची नोंद धर्मग्रामाच्या कोणत्याही वहीत सापडावयाची नाही.

या मनीषनगरात घरांना आशीर्वाद देण्यास अथवा आजाऱ्यास ख्रिस्तप्रसाद देण्यास आम्ही जातो, तेव्हा एक प्रश्न वारंवार कानी पडतो. "फादर, ही देवाने केलेली शिक्षा तर नव्हे?" लेकरू आजारी पडते, मुलीचे लग्न मोडते, घरधन्याची नोकरी जाते, आणि हा प्रश्न येतो. २०२१ च्या एप्रिलात, नागपुरात रुग्णास खाट मिळेना आणि प्राणवायूही मिळेना, त्या दिवसांत तर तो दूरध्वनीवरूनही येत असे. विचारणारे बहुधा नेमाने मिस्साबलिदानास येणारे, दुसऱ्याच्या पै-पैशाला जपणारे सज्जन असतात. ज्यांनी खरोखर भ्यावे, ते आम्हांस असे काही विचारीत नाहीत!

हा प्रश्न प्रभू येशूलाही विचारण्यात आला होता. जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनी पृच्छा केली, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोघांचेही नव्हे म्हणून सांगितले आणि त्यास दृष्टी दिली. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती ही समजूतही त्याने खोडून काढली. मात्र तेथेच त्याने ऐकणाऱ्यांस पश्चात्ताप करण्याविषयी कडक शब्दांत बजावले, हे विसरून चालणार नाही. दुसऱ्याच्या दुःखावरून त्याच्या पापाचे माप काढू नका, आपले माप आपण काढा, असा त्या बोलण्याचा रोख आहे.

आता आपल्याच घरातील एक उदाहरण घेऊ. नागपुरात एस. एफ. एस. ही तीन अक्षरे ठाऊक नाहीत असा मनुष्य विरळा. शाळेमुळे, महाविद्यालयामुळे ती सर्वांच्या तोंडी आहेत. आपल्या महाधर्मप्रांताचे कॅथेड्रलही त्याच नावाचे. परंतु ज्या संत फ्रान्सिस डी सेल्सचे हे नाव, तो एके काळी नरकाच्या भयाने खाटेस खिळण्याच्या बेतास आला होता, हे किती जणांस ठाऊक आहे?

फ्रान्सिसचा जन्म १५६७ चा, सव्हॉय प्रांतातला. पॅरिस येथे येशूसंघीयांच्या महाविद्यालयात तो शिकत असता तारण कोणाचे व नाश कोणाचा हे देवाने आधीच ठरविले आहे काय, या वादाची तेथे मोठी धामधूम चालली होती. १५८६ च्या अखेरीस या एकोणीस वर्षांच्या तरुणाच्या मनाने घेतले की, आपण नाश पावणाऱ्यांतलेच. अन्न गोड लागेना, झोप येईना. आयुष्यभर देवाची सेवा करावी आणि शेवटी त्याचा द्वेष करणाऱ्यांत सदासर्वकाळ राहावे लागावे, या एका कल्पनेने त्याचे शरीर वाळत चालले. सुमारे सहा आठवडे हा छळ चालला.

लक्षात घ्या, हे पापी माणसाचे भय नव्हते. आमच्या मते म्हणूनच ते अधिक घातक होते. कारण पाप्यास निदान आपले पाप सोडून देता येते, याने काय सोडावे?

अखेर एके दिवशी तो संत एतियेन मंदिरात पवित्र मरियेच्या काळ्या मूर्तीपुढे गुडघे टेकून बसला. त्याने देवाशी कसलाही सौदा केला नाही. पुढच्या जन्मात आपले काय व्हावयाचे ते देवाच्या हाती सोपवून, निदान या जन्मात तरी मी तुझ्यावर प्रीती करीन, एवढेच त्याने ठरविले. मग मरियेच्या मध्यस्थीची प्रार्थना म्हटली, आणि अंगावरून खपली गळून पडावी तसे ते भय गळून पडले, असे चरित्रकार सांगतात. पुढे तो जिनिव्हाचा बिशप झाला, आणि पापनिवेदनास येणाऱ्यांशी इतक्या सौम्यपणे वागे की, काहींना ते खपतही नसे. देवाच्या प्रीतीवरील त्याचा मोठा ग्रंथ १६१६ साली निघाला. गोव्यात राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण छापून निघाले तेही त्याच साली. हा केवळ योगायोग. पण आम्हांस तो आवडतो.

याच संताच्या नावाचा संघ फादर मेर्मिये यांनी १८३८ मध्ये आन्सी येथे स्थापिला. त्याचे धर्मगुरू विशाखापट्टणमच्या वाटेने मध्य हिंदुस्थानात आले, आणि १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांत निर्माण झाला. आपल्या श्रद्धेचे मूळ असे त्या भ्यालेल्या विद्यार्थ्यापर्यंत जाऊन पोहोचते.

तर मग भय सर्वस्वी टाकून द्यावे काय? ख्रिस्तसभा तसे म्हणत नाही. दासाचे भय निराळे आणि लेकराचे निराळे, असा भेद आपले आचार्य करीत आले. दास छडीस भितो. लेकरू बापाचे मन दुखवण्यास भिते. तथापि दासाचे भयदेखील फुकट जात नाही. नरकाच्या भीतीने उपजलेला अपूर्ण पश्चात्ताप हेही देवाचेच दान असून तो मनुष्यास पापनिवेदन संस्कारातील क्षमेसाठी सिद्ध करितो, असे ट्रेंटच्या महासभेने १५५१ मध्ये स्पष्ट केले. जे भय पायांस मंदिराच्या पायरीपर्यंत आणते, ते चांगले. जे पायरीवरून माघारी फिरविते, त्यास देवाचे भय म्हणू नये.

दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत. देव दयाळू आहे, तो चालवून घेईल, असे म्हणून भावाचा हिस्सा गिळणारे आणि कामवालीचा पगार अडवून ठेवणारे. त्यांस आम्ही एवढेच सांगू की, लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात जुबिली वर्षाची आज्ञा आहे, तीत कर्णा वाजताच गहाण पडलेली जमीन मूळ मालकास परत करावयाची आहे. परत केल्यावाचून तेथे कोणाचा उत्सव होत नसे. जक्कयाच्या घरीही प्रभूने पाऊल ठेवले तेव्हा चौपट परतफेडीची भाषा निघाली.

परंतु या धर्मग्रामात अशांपेक्षा पहिल्या प्रकारचे लोक अधिक आहेत, असा आमचा अनुभव आहे. कोणी दहा वर्षे, कोणी वीस वर्षे पापनिवेदनास आलेले नाहीत. १२१५ च्या लॅटरन महासभेने वर्षातून एकदा तरी यावे असा नियम केला आहे, तो त्यांस पाठ आहे, आणि जितकी वर्षे उलटतात तितकी लाज वाढते. फादर काय म्हणतील? ओळखतील काय? ओळखले तरी त्या कोठडीतील शब्द धर्मगुरूच्या मुखातून प्राण गेला तरी बाहेर पडत नाहीत, हे तुम्ही लहानपणी शिकलाच आहात.

महोत्सवाच्या आठवड्यात आम्ही रोज संध्याकाळी मिस्सापूर्वी एक तास पापनिवेदनासाठी बसणार आहोत. ज्यांस आपल्याच धर्मगुरूसमोर येण्याचा संकोच वाटतो, त्यांच्यासाठी शनिवारी बाहेरगावचे एक फादर येतील. पश्चात्तापाची प्रार्थना विसरली असेल तर तसे सांगावे. एकेक शब्द आम्ही पुढे म्हणू, तुम्ही मागून म्हणा.