कुरडईचा व्हिडिओ नीट जोडू या

उंब्रजच्या बाजारात गिऱ्हाईक कुरडई हातात घेऊन बघतं. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक फक्त व्हिडिओ बघतं. म्हणून तो नीट जोडायला शिकू या.

गहू तीन दिवस भिजतो, चीक शिजतो, सोऱ्यातून कुरडई पडते, उन्हात वाळते. एवढं सगळं मिनिटभरात दाखवायचं. १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याचं रोप रोज थोडं थोडं टिपून त्याची वाढ अशीच थोडक्यात दाखवली होती.

मोबाईलच्या ॲपमध्ये दोन क्लिपांच्या मधल्या चौकोनावर बोट ठेवा. ‘डिझॉल्व्ह’ निवडा, वेळ अर्धा सेकंद ठेवा. ओली कुरडई विरते, वाळलेली उमटते. या जोडात दोन्ही क्लिपांची टोकं जातात, म्हणून चित्रण करतानाच मागं-पुढं दोन सेकंद जास्त घ्या. आवाजाला शेवटी वेगळा ‘फेड’ द्या, नाहीतर तो एकदम तुटतो.

गरगर फिरणारे, चमकणारे जोड टाळा. वजन, किंमत, तारीख मात्र विरू देऊ नका. तीन सेकंद स्थिर ठेवा. आणि तळून फुललेली कुरडई आपल्याच गटाची दाखवा. एकदा फसलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, आणि नाव साऱ्या गटाचं जातं.