खुब्याची वाटी



मूल कडेवर घेतलं की त्याचे पाय आईच्या कमरेला दोन्हीकडून विळखा घालतात. आई त्याला ज्यावर टेकवते ते तिच्या ओटीपोटाच्या हाडाचं वरचं रुंद पातं. बाळाचं तेच हाड मात्र अजून घडतंच आहे.

गर्भ राहिल्यावर चौथा आठवडा संपता संपता पायाचा कोंब फुटतो. हाताचा त्याच्या एक-दोन दिवस आधी. कोंबाच्या बुडाशी पेशी दाटतात आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात त्यांची कूर्चा होते. ती तीन ठिकाणी धरते. वरचं पातं, मांडी घालून बसताना जमिनीला टेकतं ते मागचं हाड, आणि पुढे जांघांच्या मध्ये जुळणारं. तिन्ही वाढत वाढत भेटतात त्या तिठ्यावर असते खुब्याची वाटी.

या वाटीचं मला फार अप्रूप वाटतं. मांडीच्या हाडाचा गोळा आणि वाटी आधी एकाच लगद्यात असतात. मग मधल्या पेशी जिरतात, फट पडते, आणि अकराव्या आठवड्याच्या सुमारास गोळा वाटीत सुटा होतो. पुढे वाटीला खोलगटपणा येतो तो गोळा आत बसून हलत असतो म्हणूनच. गोळा निसटला तर वाटी उथळच राहते.

पाय वाढलेच नाहीत तर या हाडांचं काय होतं, ते डॉल्फिनमध्ये दिसतं. त्याच्या गर्भालाही मागच्या पायांचे कोंब येतात. ते लवकरच जिरतात, पण ओटीपोटाची दोन लहान हाडं कण्यापासून सुटी, मांसात रुतलेली, जन्मभर राहतात.

माणसात वरच्या पात्यात तिसऱ्या महिन्याच्या सुमारास हाड धरू लागतं, बाकीच्या दोघांत त्यानंतर. तिठ्यावरची कूर्चा मात्र मूल वयात येईपर्यंत टिकते. आणि जन्माच्या वेळी वाटी सर्वांत उथळ असते. म्हणून हे दिवस जपायचे. पायाळू माणसाचा पाय लावला की उसण जाते, असं आपल्याकडे म्हणतात. पण पायाळू बाळाचा स्वतःचाच खुबा निसटलेला असू शकतो, तो आधी तपासून घ्या. गुडघे दुमडून मांड्या हलकेच बाहेर उघडल्या की निसटलेला गोळा वाटीत परत जाताना तपासणाऱ्याच्या बोटांना खट् असं जाणवतं. इटलीतले बालरोगतज्ज्ञ मारिनो ऑर्तोलानी यांनी १९३७ साली ही खूण लिहून ठेवली.

आणि आजीबाईंना माझी हात जोडून विनंती आहे. पाय सरळ व्हावेत म्हणून बाळाला दुपट्यात काठीसारखं आवळू नका. वर छातीपाशी गुंडाळा, खाली पाय दुमडून फाकवायला मोकळे ठेवा. मान धरली की खुशाल कडेवर घ्या.