रुग्णाच्या उशाशी शिकलेले माणूस
(पालक मेळाव्यातील भाषण)



परिचर्येवर बोलायचे म्हटले की वक्ता फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या हातातील दिव्यापासून सुरुवात करतो. मलाही त्या बाईंपासूनच सुरुवात करायची आहे. फक्त दिव्याऐवजी मी त्यांच्या वहीकडे आपले लक्ष वेधणार आहे. क्रिमियाचे युद्ध चालू असता १८५४ च्या नोव्हेंबरात ३८ परिचारिकांना घेऊन त्या तुर्कस्तानातील स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. अहोरात्र सेवा सुरू झाली, आणि तरीही सैनिक मरतच होते. १८५५ च्या फेब्रुवारीत तेथे दाखल होणाऱ्या दर शंभरांपैकी सुमारे ४२ जण दगावत होते. मार्चमध्ये इंग्लंडहून स्वच्छता आयोग आला. त्याने इमारतीखालची तुंबलेली गटारे मोकळी केली, पाण्याची व हवेची व्यवस्था सुधारली. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शेकडा दोनवर आले.

युद्ध संपल्यावर नाइटिंगेल यांनी विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या मदतीने हे सर्व आकडे तपासले. शत्रूच्या गोळीने जितके सैनिक मेले त्याच्या कितीतरी पट रोगराईने मेले, हे त्यांनी तक्ते आणि आकृत्या काढून सरकारपुढे मांडले. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सदस्य करून घेतले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यानंतर १८६० मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्यांची परिचारिकांची शाळा निघाली. दयाळू बायका लंडनमध्ये आधीही पुष्कळ होत्या. शाळा काढावी लागली ती पाहण्याची, मोजण्याची आणि लिहून ठेवण्याची सवय लावण्यासाठी.

आपल्याकडेही हा विचार परका नाही. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. त्यातील परिचारकाचे गुण सांगताना सेवेचे ज्ञान पहिले आले आहे, दक्षता दुसरी, रुग्णाविषयीचे प्रेम तिसरे आणि स्वच्छता चौथी. क्रम छंदासाठी पडला असेल असे कोणी म्हणेल. मला तो अर्थपूर्ण वाटतो. हजरत पैगंबरांच्या काळी मदिनेत रुफैदा अल-अस्लमिया या बाई जखमींवर उपचार करीत. खंदकाच्या लढाईत, म्हणजे इ. स. ६२७ मध्ये, जखमी झालेल्या हजरत साद बिन मुआज यांना मशिदीतील त्यांच्या तंबूत ठेवले होते. घरंदाज मुलीने हे काम करावे काय, असा प्रश्न आजही काही घरांत निघतो, म्हणून एवढा उल्लेख केला.

निकालानंतर पालक आम्हा शिक्षकांकडे येतात. डॉक्टर, इंजिनिअर, बँकेच्या परीक्षा असे सर्व विषय होतात आणि शेवटी कोणीतरी म्हणतो, "सर, मार्क कमी आहेत, निदान नर्सिंगला तरी जाईल ना?" यातील 'निदान' आणि 'तरी' हे दोन शब्द मला खटकतात. रुग्णालयात गेलेला आपला माणूस चालत घरी येतो की नाही, हे परिचारिकेच्या शिक्षणावर आणि तिच्या वाट्याला आलेल्या रुग्णांच्या संख्येवर बऱ्याच अंशी अवलंबून असते. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. मी डॉक्टर नव्हे, कला शाखेचा पदवीधर आहे. परंतु यावर जे संशोधन झाले आहे ते कोणाही शिक्षकाला समजेल इतके सरळ आहे.

एक अगदी साधी गोष्ट घ्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला आणि टाचांना जखमा होतात. आपल्या घरी आपण काय करतो? स्पिरीट लावतो, पावडर टाकतो. एके काळी विलायतेतील इस्पितळांतही नाना प्रकारची मलमे चोळण्याची रीत होती. १९६२ साली डोरीन नॉर्टन या लंडनच्या परिचारिकेने दोन सहकाऱ्यांसह वृद्ध रुग्णांच्या परिचर्येचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून दिसले की उपयोग होतो तो ठरावीक वेळाने कूस बदलून शरीरावरचा दाब कमी करण्याचा. मलमाचे महत्त्व फारसे नाही. कोणत्या रुग्णाला धोका अधिक हे आधीच ओळखण्यासाठी त्यांनी एक गुणपत्रक तयार केले. शरीराची अवस्था, मनाची अवस्था, हिंडणे-फिरणे, अंग हलवण्याची क्षमता आणि मलमूत्रावरील ताबा, या प्रत्येकाला १ ते ४ गुण. एकूण २० पैकी १४ किंवा त्याहून कमी गुण मिळाले तर रुग्ण धोक्यात. आम्हा शिक्षकांना गुणपत्रक नवे नाही. मात्र या गुणपत्रकात नापास रुग्ण होतो आणि अभ्यास परिचारिकेला करावा लागतो.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील अरुणा शानबाग यांची कहाणी आपण जाणता. त्या तेथेच परिचारिका होत्या. नोव्हेंबर १९७३ मधील हल्ल्यानंतर त्या अंथरुणाला खिळल्या, आणि १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांना सांभाळले. दयामरणाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला. इतक्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झाले नाही, अशी नोंद त्या निकालपत्रात आहे. घरात महिनाभर आजारी माणूस सांभाळलेल्या कोणाही बाईला विचारा, या एका वाक्यामागे किती कष्ट आहेत ते ती सांगेल. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, कूस बदलण्याची वेळ चुकली नाही. प्रेम होतेच, पण केव्हा, कसे आणि का हेही त्यांना ठाऊक होते.

आता मोठ्या आकड्यांकडे येतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लिंडा एकेन या स्वतः परिचारिका. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेले २ लाख ३२ हजारांहून अधिक रुग्ण आणि दहा हजारांवर परिचारिका त्यात होत्या. निष्कर्ष असा, की परिचारिकेच्या वाट्याला सरासरी एक रुग्ण वाढला की दाखल झाल्यापासून तीस दिवसांत मृत्यू येण्याचा संभव ७ टक्क्यांनी वाढतो. शंभरांपैकी सात जण जादा मरतात असा याचा अर्थ घेऊ नये. आधी जो धोका होता त्यात ७ टक्क्यांची भर पडते. चारऐवजी आठ रुग्ण वाट्याला आले तर ही भर ३१ टक्क्यांपर्यंत जाते. पुढच्याच वर्षी त्यांनी शिक्षणाचा हिशोब केला. रुग्णालयात पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी अधिक असले, तर मृत्यूचा संभव ५ टक्क्यांनी कमी दिसला. २०१४ साली युरोपातील नऊ देशांच्या ३०० रुग्णालयांतील ४ लाख २० हजारांहून अधिक रुग्णांवर हाच अभ्यास झाला. तेथे एक रुग्ण वाढला की धोका ७ टक्क्यांनी वर, आणि पदवीधर १० टक्क्यांनी वाढले की ७ टक्क्यांनी खाली.

असे का व्हावे? शस्त्रक्रिया तर सर्जन करतो. कारण असे, की शस्त्रक्रियेनंतरचे बिघाड सगळ्याच रुग्णालयांत होतात: रक्तस्राव, न्यूमोनिया, जंतुसंसर्ग. फरक पडतो तो बिघाड वेळेवर ध्यानात येण्याने. डॉक्टर सकाळी फेरीवर येतो आणि संध्याकाळी येतो. मधल्या काळात नाडी जलद झाली, लघवी कमी झाली, बोलता बोलता रुग्णाला गुंगी येऊ लागली, श्वास मिनिटाला अठराचे अठ्ठावीस झाले, हे पाहणार कोण? पाहिले तरी त्याचा अर्थ समजून रात्री दोन वाजता डॉक्टरांना उठवण्याचे धैर्य कोणाजवळ असणार? जिला शरीरशास्त्र शिकवलेले आहे तिलाच हे धैर्य होते.

आमची एक माजी विद्यार्थिनी आज स्टाफ नर्स आहे. तिने मला एक साधे गणित घातले. "सर, श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा असतो, असे आम्हाला शिकवले आहे. रात्रपाळीला माझ्याकडे पन्नास रुग्ण असतात. फक्त श्वास मोजायचे म्हटले तर पन्नास मिनिटे गेली. इंजेक्शने कधी देऊ, सलाईन कधी बदलू?" मी यावर काही बोलू शकलो नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक शिक्षण-रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. वर्गात ऐंशी मुले बसवून प्रत्येकाची वही रोज तपासा म्हणणाऱ्या साहेबांना आम्ही काय म्हणतो, ते येथे सांगण्याचे कारण नाही.

एक शंका जाणकार घेतात, आणि ती रास्त आहे. जेथे परिचारिका अधिक, तेथे पैसा अधिक, यंत्रे चांगली, डॉक्टर चांगले. मग श्रेय परिचारिकांना कशावरून द्यायचे? याचे बरेचसे उत्तर ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यातून मिळाले. तेथे २०१६ साली कायद्याने प्रमाण ठरवले: दिवसपाळीत चार रुग्णांमागे एक, रात्री सातांमागे एक परिचारिका. कायदा लागू झालेली २७ रुग्णालये आणि न लागू झालेली २८ रुग्णालये यांची आधीची व नंतरची स्थिती ताडून पाहिली गेली, आणि निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. कायद्याच्या रुग्णालयांत मृत्यू, पुन्हा दाखल होणे आणि मुक्कामाचे दिवस या तिन्ही बाबतींत स्थिती चांगली राहिली. जादा परिचारिकांवर जितका खर्च झाला त्याच्या दुपटीहून अधिक बचत झाली, असाही हिशोब त्यात आहे. परिचारिकांची भरती म्हणजे तिजोरीवर भार, असे म्हणणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

शिक्षणाबरोबर अधिकारही द्यावा लागतो. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात पीटर प्रोनोव्होस्ट या डॉक्टरांनी अतिदक्षता विभागांत एक लहानशी यादी लागू केली. मोठ्या शिरेत नळी घालताना हात धुणे, त्वचा योग्य औषधाने पुसणे, गरज संपली की नळी काढणे, अशा पाचच गोष्टी. यातील एक जरी गोष्ट डॉक्टरने गाळली तर परिचारिकेने त्याला तेथेच थांबवावे, असे ठरले. २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. १०३ विभागांत नळीमुळे होणारा रक्ताचा जंतुसंसर्ग इतका घटला की निम्म्याहून अधिक विभागांत तीन महिन्यांतच तो शून्यावर आला. आपल्याकडे सिस्टरने मोठ्या डॉक्टरांना "थांबा, हात धुवा" म्हटले तर काय होईल, याची कल्पना आपण करून पाहावी.

आपल्या देशाने मजल मारली नाही असे नाही. नाशिक येथे जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली अहवाल दिला, तेव्हा देशात सुमारे ७ हजार परिचारिका होत्या, म्हणजे ४३ हजार लोकांमागे एक. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले, आणि १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने १५७ नवी नर्सिंग महाविद्यालये मंजूर केली, आणि तीही चालू वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून. हे जोडून असणे फार महत्त्वाचे आहे.

कारण आता गावोगावी "सहा महिन्यांत नर्स बना" अशा पाट्या लागल्या आहेत. अशा प्रमाणपत्रावर परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही. जी. एन. एम. चा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे आणि बारावीला शास्त्र शाखा नसलेल्यांनाही तो खुला आहे. बी. एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. त्याला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे. मुलगेही या क्षेत्रात जातात, त्यांना वॉर्डात ब्रदर म्हणतात. प्रवेश घेण्यापूर्वी महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता पाहावी. मग फीचा आकडा विचारण्याआधी असे विचारावे: मुले सराव कोणत्या रुग्णालयात करतात? तेथे खाटा किती, आणि त्यांवर प्रत्यक्ष रुग्ण किती? वॉर्डात मुलांबरोबर शिकवणारे कोणी उभे राहते, की कमी पडलेली माणसे भरून काढण्यासाठी विद्यार्थिनींनाच राबवले जाते? ऑफिसातल्या खुर्चीवर बसून ही उत्तरे ऐकू नयेत. एक दिवस मोडावा, मुलीला बरोबर घ्यावे आणि त्या वॉर्डात जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहून यावे.